दुसऱ्यांदा चालवलं तर काय होईल?

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. आणि विषय आपल्या घरचाच आहे.

डांगे चौकात सकाळी उभं राहिलं की थेरगाव काय आहे ते कळतं. अर्धी गर्दी हिंजवडीकडे निघालेली असते, गळ्यात आयकार्ड, पाठीला लॅपटॉप. उरलेली अर्धी चिंचवड, भोसरी, चाकणकडे. त्यांच्या पायात सेफ्टी शूज आणि नजर कंपनीच्या बसकडे. एकीकडे डेटा, दुसरीकडे माल. या दोघांची गाठ पडते ती एखाद्या छोट्या कारखान्यातल्या डिस्पॅचच्या टेबलावर. आज मी त्या टेबलाबद्दल बोलणार आहे. एका सिस्टिममधली माहिती दुसऱ्या सिस्टिममध्ये आपोआप नेणारा वर्कफ्लो कसा बांधायचा, आणि बांधून झाल्यावर तो रोज कसा चालवायचा.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. वर्कफ्लो पहिल्यांदा चालवणं सोपं असतं. डेमोला सगळं हिरवं दिसतं, मालक खूश, आपण खूश. खरी परीक्षा असते तो मध्येच अडकल्यावर. आता तो परत चालवायचा का? चालवला तर काय होईल? या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याचाच वर्कफ्लो टिकतो.

एका गाडीमागे किती टायपिंग?

उदाहरण घेऊ. भोसरी एमआयडीसीत प्रेस पार्ट करणारं एक युनिट. माल जातो चाकणला, गाड्या बनवणाऱ्या प्लँटमध्ये. ग्राहकाकडून शेड्युल येतं, कधी पोर्टलवर, कधी मेलमध्ये एक्सेल. त्यावरून टॅलीत इन्व्हॉइस काढायचं. त्याचं ई-इन्व्हॉइस करायचं, म्हणजे सरकारी पोर्टलवरून आयआरएन आणि क्यूआर कोड घ्यायचा. मग गाडी नंबर टाकून ई-वे बिल. मग ग्राहकाच्या पोर्टलवर एएसएन भरायचं, म्हणजे 'माल निघालाय, एवढा आहे, या इन्व्हॉइसवर आहे' अशी आगाऊ सूचना. शेवटी बारकोडची लेबलं. एवढं झालं की गाडी गेटबाहेर.

तोच पार्ट नंबर, तीच क्वांटिटी, तोच इन्व्हॉइस नंबर, आणि तो चार ठिकाणी टाइप करायचा. दिवसाला पंचवीस-तीस गाड्या असल्या तर हिशोब तुम्हीच करा. आणि चाकणच्या असेंब्ली लाइनला पार्टचा साठा दिवसांत मोजत नाहीत, तासांत मोजतात. एएसएन दिसत नसेल तर बऱ्याच प्लँटच्या गेटवर गाडी आत घेत नाहीत. ड्रायव्हर तिथून फोन करत बसतो.

हे ओझं छोट्या युनिटवर एकदम आलेलं नाही, टप्प्याटप्प्याने आलंय. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. ई-वे बिल २०१८ मध्ये. ई-इन्व्हॉइस १ ऑक्टोबर २०२० पासून, पण तेव्हा फक्त ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना. मग ती मर्यादा १००, ५०, २०, १० कोटी अशी उतरत गेली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. म्हणजे ज्या युनिटमध्ये आयटी डिपार्टमेंट म्हणजे 'कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचा फोन नंबर' असतो, त्यालाही आता दर इन्व्हॉइसला सरकारी सर्व्हरशी बोलावं लागतं.

साधन कोणतं घ्यावं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून पटकन उरकतो.

फक्त ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल हवं असेल तर काही बांधू नका. टॅलीप्राइममधून ते थेट निघतं. वर्कफ्लोची गरज पडते ती त्यात ग्राहकाचं पोर्टल, बारकोड, गुणवत्तेचे रिपोर्ट असे तिसरे-चौथे गडी आले की.

साधनं भरपूर आहेत. अपाचे एअरफ्लो हे एअरबीएनबीत २०१४ मध्ये सुरू झालं. त्यात पायथनमध्ये लिहायचं, कुठलं काम कशाच्या नंतर हे सांगायचं. अपाचे नायफाय हे मूळ अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेतलं, २०१४ मध्ये खुलं झालं. त्यात स्क्रीनवर चौकोन जोडत जायचं, आणि कुठला डेटा कुठून आला याचा माग त्यात छान राहतो. अपाचे हॉप हे जुन्या पेंटाहो केटलमधून फुटलेलं. एन-एट-एन हलकंफुलकं, पटकन सुरू करता येतं. आणि ज्याचं काम दिवसाला तीस इन्व्हॉइसचं आहे त्याला एक क्रॉन आणि दोनशे ओळींचा पायथनही पुरतो. लाज वाटून घेऊ नका.

पण यातलं कुठलंही साधन 'परत चालवलं तर काय' याचं उत्तर आपसूक देत नाही. 'रीट्राय तीन वेळा' असं बटण सगळ्यांत असतं. ते दाबणं सुरक्षित आहे की नाही हे मात्र साधनाला माहीत नसतं, ते तुम्हाला ठरवावं लागतं.

टपरीवरचं पेंडिंग पेमेंट

तुम्ही वडापाव घेतला, यूपीआय केलं, स्क्रीनवर आलं 'पेंडिंग'. आता? परत पैसे पाठवणार? नाही ना. आधी टपरीवाल्याला विचारता, 'दादा, आले का?' त्याचा स्पीकर बोलला की निघता. म्हणजे आपल्या सगळ्यांना हे कळतं की 'उत्तर आलं नाही' आणि 'काम झालं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वर्कफ्लो बांधताना मात्र आपण हे विसरतो. टाइमआउट आला की लाल, आणि लाल म्हणजे झालं नाही, म्हणजे परत पाठवा.

आयआरएनचं बघा, फार शिकण्यासारखं आहे. आयआरएन हा ६४ अक्षरांचा हॅश असतो. तो चार गोष्टींवरून बनतो: विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार, आणि कागदाचा नंबर. बस. यात वेळ नाही, रक्कम नाही, गाडी नंबर नाही. म्हणून तेच इन्व्हॉइस तुम्ही दहा वेळा पाठवलंत तरी आयआरएन एकच. दुसऱ्यांदा पाठवलं की २१५० नंबरची एरर येते, 'डुप्लिकेट आयआरएन', आणि त्याच उत्तरात आधीचा आयआरएनही मिळतो. लिफ्टचं बटण कितीदा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते, तसं. इंजिनिअर याला आयडेम्पोटंट म्हणतात.

आता एका युनिटमध्ये काय झालं ते सांगतो. नाव घेणार नाही. तिथे आधीच कोणीतरी वर्कफ्लो बसवून गेलं होतं. नेट गेलं, विनंती पोचली होती, उत्तर परत आलं नाही. वर्कफ्लोने परत पाठवलं. २१५० आला. बांधणाऱ्याने त्याचा अर्थ लावला होता 'हा नंबर वापरलेला आहे', म्हणून प्रोग्रॅम नंबरच्या शेवटी एक अक्षर जोडून नवीन इन्व्हॉइस पाठवत होता. तो झाला पास. सगळं हिरवं.

माल एक गाडी, इन्व्हॉइस दोन. ई-इन्व्हॉइसचा डेटा आपोआप जीएसटीआर-१ मध्ये जातो, म्हणजे कर दोनदा लागला. ग्राहकाकडे एकाच मालाची दोन बिलं दिसली, त्यांनी पेमेंट अडवलं. आणि आयआरएन रद्द करायला मुदत असते २४ तासांची. हे लक्षात आलं नऊ दिवसांनी. मग काय, क्रेडिट नोट काढा, ग्राहकाच्या अकाउंट्सला मेल लिहा, माफी मागा. छोट्या युनिटला एका ग्राहकाचं पेमेंट दोन आठवडे लांबणं म्हणजे काय ते पगाराच्या तारखेला कळतं.

तर २१५० आला की तो आधी 'काम बहुतेक झालेलं आहे' असा वाचायचा. बहुतेक म्हणतोय, कारण रक्कम हॅशमध्ये नाही. मधल्या वेळात कुणी टॅलीत क्वांटिटी बदलली असेल तर पोर्टलवर जुनी रक्कम बसलेली असेल. म्हणून पोर्टलवरचं इन्व्हॉइस मागवायचं, रक्कम जुळवायची. जुळली तर पुढे जा. जुळली नाही तर थांबा आणि माणसाला बोलवा. २४ तासांच्या आत असाल तर रद्द करता येईल, पण त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. आणि रद्द केलेला इन्व्हॉइस नंबर परत वापरता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट. १ जून २०२५ पासून इन्व्हॉइस नंबरमधल्या इंग्रजी अक्षरांचा लहान-मोठा भेद धरत नाहीत, सगळी मोठ्या लिपीत धरतात. तुमच्या डेटाबेसमध्ये ते दोन वेगळे नंबर असतील, पोर्टलला ते एकच. तुलना करायच्या आधी तुम्हीही सगळं मोठ्या लिपीत करून घ्या.

गेटवरचं रजिस्टर

सरकारी पोर्टल निदान डुप्लिकेट ओळखतं. ग्राहकांची पोर्टलं सगळी तशी नसतात. काही ठिकाणी फाइल दोनदा अपलोड केली की दोन एएसएन तयार होतात. तिथे ही जबाबदारी आपली.

त्याला उपाय गेटवरच्या वॉचमनकडे आहे. तो काय करतो? गाडी आत आली की लिहितो, बाहेर गेली की त्याच ओळीत वेळ टाकतो. ज्या ओळीत बाहेरची वेळ नाही ती गाडी आत आहे. एवढंच.

तसंच एक टेबल ठेवायचं. दर इन्व्हॉइसच्या दर पायरीला एक ओळ. पाठवायच्या आधी लिहायचं 'सुरू केलं'. उत्तर आलं की लिहायचं 'झालं' किंवा 'नाकारलं'. वीज गेली, नेट गेलं, कुणी पीसी बंद केला, काहीही होऊ दे. परत सुरू झाल्यावर वर्कफ्लोने पहिल्यांदा हे रजिस्टर वाचायचं. 'झालं' असेल ते सोडून द्यायचं. 'सुरू केलं' असं लिहून अर्धवट राहिलेलं असेल त्यांचं समोरच्या पोर्टलवर जाऊन बघायचं, 'दादा, आले का?' आणि मगच परत पाठवायचं.

आयआरएन घेणं, ई-वे बिल, एएसएन, लेबल, या चार वेगळ्या पायऱ्या ठेवा. एकाच मोठ्या टास्कमध्ये कोंबल्या तर तिसरी पायरी अडकली की पहिलीपासून सगळं परत चालतं. आणि तिथेच घोटाळा होतो.

शून्य आणि 'माहीत नाही'

दुसरा नेहमीचा सापळा. टॅलीतून डेटा घेण्याची पद्धत अशी: टॅलीला सर्व्हर म्हणून चालू ठेवायचं, साधारणपणे ९००० या पोर्टवर, आणि एक्सएमएलमध्ये विचारायचं की आजची इन्व्हॉइसं दे. पण त्यासाठी टॅली उघडी पाहिजे आणि तिच्यात योग्य कंपनी लोड झालेली पाहिजे. अकाउंटंटने जेवायला जाताना टॅली बंद केली की संपलं. त्याहून वाईट म्हणजे मालकाच्या दोन फर्म आहेत आणि समोर दुसरीच उघडी आहे. विनंतीत कंपनीचं नाव स्पष्ट दिलं नसेल तर समोर जी आहे तिचा डेटा येतो.

अशा वेळी 'आज इन्व्हॉइस शून्य' आणि 'मला विचारताच आलं नाही' ही दोन उत्तरं वेगळी ठेवा. खूप वर्कफ्लो दोन्हीला रिकामी यादी समजतात, आणि रिकामी यादी म्हणजे काम नाही, म्हणजे यशस्वी. इथे गाडी उभी आणि तिकडे डॅशबोर्ड हिरवा.

बरं, शून्य आलं तर ते खरं आहे का, हे इथल्या कॅलेंडरवर ठरतं. भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या बऱ्याच युनिटना सुट्टी गुरुवारी असते. बाहेरून आलेल्या टेम्प्लेटमध्ये 'सोमवार ते शुक्रवार' लिहिलेलं असतं. मग गुरुवारी उगाच अलार्म वाजतो आणि रविवारी माल जात असताना वर्कफ्लो झोपलेला असतो. युनिटची सुट्टी आणि ग्राहकाची सुट्टी, दोन्ही विचारून घ्या.

रात्रपाळीची तारीख

क्लाउडवरचा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी वेळेवर चालतो. एअरफ्लोचीही ठरलेली वेळ तीच. आपण साडेपाच तास पुढे. रात्री दोन वाजता तिसऱ्या पाळीची गाडी निघाली, तर सर्व्हरच्या घड्याळात आदल्या दिवशीचे साडेआठ वाजलेत. 'आजची इन्व्हॉइसं आण' म्हटलं तर आज कुणाचा? आपला की सर्व्हरचा?

दिवसपाळीच्या कंपनीत हे कधी दिसत नाही. इथे तीन पाळ्या चालतात, म्हणून रोज दिसतं. आणि ३१ मार्चच्या रात्री तर जास्तच, कारण आर्थिक वर्ष आयआरएनच्या हॅशमध्येच आहे. १ एप्रिलच्या पहाटेचं इन्व्हॉइस मागच्या वर्षात टाकलंत तर तो वेगळाच आयआरएन होतो. टाइमझोन 'एशिया/कोलकाता' असा स्पष्ट लिहा, आणि तारीख सर्व्हरच्या घड्याळावरून न घेता इन्व्हॉइसवरून घ्या.

एक्सेल नावाचा सासुरवास

शेड्युल एक्सेलमध्ये येतं, त्याला इलाज नाही. पण पार्ट नंबर हा नंबर नाही, ते नाव आहे. सुरुवातीची शून्यं एक्सेल खाऊन टाकतो. १२ई५ असा पार्ट नंबर असेल, तर तो त्याला बारा लाख वाटतो. १०-१२ असेल तर तारीख. हे फक्त आपल्याच नशिबी आहे असं समजू नका. माणसाच्या जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण मार्च१ आणि सेप्ट१ ही नावं एक्सेल तारखा करून टाकत होता. ती आता मार्चएफ१ आणि सेप्टिन१ झाली. शास्त्रज्ञांनी हात टेकले तिथे आपण काय!

म्हणून फाइल वाचताना पार्ट नंबरचा कॉलम मजकूर म्हणूनच वाचा, आणि आपल्या मास्टर यादीत तो सापडला नाही तर अंदाज न लावता थांबा. फाइल फोल्डरमध्ये टाकतानाही आधी तात्पुरत्या नावाने कॉपी करा आणि पूर्ण झाल्यावर नाव बदला. नाहीतर अर्धी उतरलेली फाइल वर्कफ्लो उचलतो आणि निम्मंच शेड्युल पुढे जातं.

अलर्ट कुणाला, कुठल्या भाषेत?

रात्री दोन वाजता मेसेज येतो, 'टास्क फेल्ड, एक्झिट कोड वन'. कुणाला आला? मला, थेरगावात, झोपेत. गाडी कुठे आहे? भोसरीत, गेटवर. जो काही करू शकतो त्याच्यापर्यंत काहीच पोचलेलं नाही.

मेसेज असा हवा: 'इन्व्हॉइस अमुक. आयआरएन मिळाला, ई-वे बिल झालं. एएसएन ग्राहकाच्या पोर्टलवर गेलं की नाही ते कळलं नाही. आधी पोर्टलवर बघा. नसेल तर हाताने भरा, भरल्यावर इथे झालं असं लिहा.' मराठीत, आणि डिस्पॅचच्या फोनवर. तो वाचून माणूस पाच मिनिटांत गाडी काढतो. आणि 'झालं' लिहिल्यामुळे सकाळी वर्कफ्लो तेच एएसएन परत भरत नाही. हाताने केलेलं काम रजिस्टरमध्ये नोंदवायची सोय नसेल तर माणूस आणि मशीन मिळून दोनदा काम करतात.

आता त्या डिस्पॅचच्या टेबलावरच्या माणसाबद्दल. अशा प्रत्येक युनिटमध्ये एक ताई किंवा काका असतात. त्यांच्या वहीत लिहिलेलं असतं: या ग्राहकाला किलोत चालतं, त्याला नगातच पाहिजे. या प्लँटला जुना व्हेंडर कोड टाकला तरच गेट उघडतं. महिनाअखेरीला दुपारी चारनंतर पोर्टल रडतं, त्याआधी उरका. यातलं एक अक्षरही कुठल्या एपीआयच्या कागदपत्रांत नसतं.

आपण जातो तेव्हा त्यांना वाटतं हा आपलं काम घालवायला आलाय. ही भीती खोटी आहे असं मी त्यांना सांगत नाही, कारण काही ठिकाणी मालकाच्या मनात तेच असतं. मालकाला मात्र मी हिशोब दाखवतो. टायपिंग मशीनने केलं, तरी अडकलेल्या गाडीचा निर्णय कोण घेणार? ती वही ज्याच्या डोक्यात आहे तोच. त्या माणसाला काढून वर्कफ्लो ठेवलात, तर पहिल्या 'माहीत नाही'ला गाडी सकाळपर्यंत उभी राहील. त्यापेक्षा त्यांना अर्धवट ओळींच्या यादीची जबाबदारी द्या. आणि महिन्यातून एक दिवस वर्कफ्लो बंद ठेवून सगळं हाताने करा, म्हणजे सवय मोडत नाही.

जाता जाता एक गृहपाठ. तुमचा वर्कफ्लो चालू असेल, तर या आठवड्यात टेस्ट सिस्टिमवर तो मुद्दाम तोडा. विनंती पाठवून झाली की लगेच नेटची वायर काढा. मग परत जोडा आणि वर्कफ्लो सुरू करा. प्रत्येक पायरीला एकदा हे करा. नंतर मोजा: इन्व्हॉइस किती, आयआरएन किती, एएसएन किती. तिन्ही आकडे जुळले तर निवांत झोपा. नाही जुळले, तर ते ग्राहकाच्या अकाउंट्सच्या आधी तुम्हाला कळलं, एवढं समाधान आहेच.

पुढच्या भागात बारकोड आणि लेबल प्रिंटरवर बोलू. तोही एक वेगळा छळ आहे. प्रश्न असतील तर पाठवा. भेटू, नमस्कार.